तुर्कीत 'सुसू' म्हणू नका: पाण्याच्या एका शब्दाची सगळी रूपं

उन्हाळ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या की बाटल्या घेतलेली पोरं त्यांच्यामधून फिरायला लागतात. "सू! बूझ गिबि सू!" म्हणजे पाणी, बर्फासारखं पाणी. मराठी घरात वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा हे ऐकून हसूच फुटतं, कारण आपल्याकडे सू लहान मुलांना 'लागते'. माझ्याबरोबर आठ वर्षांची भाची होती. तिला गप्प करता करता माझी पुरेवाट झाली.

पण ते हसू वाया घालवू नका, पुढे त्याचा उपयोग आहे. तुर्की शिकायला बसलेल्याने पहिलं नाम कुठलं घोटावं असं कुणी विचारलं, तर मी घर, पुस्तक, सफरचंद यांतलं काही सांगत नाही. 'सू' घ्या म्हणते. एक तर हा शब्द दिवसातून दहा वेळा तोंडात येतो. दुसरं म्हणजे तुर्की नामांना प्रत्यय लावण्याचे नियम शिस्तीचे आहेत आणि हा एवढासा शब्द ते नेमके दोन ठिकाणी मोडतो. तो कुठे मोडतो हे कळलं की मूळ नियमही कायमचा लक्षात राहतो.

आधी उच्चार

तुर्की 1928 पासून रोमन लिपीत लिहितात. आपला शब्द दोनच अक्षरांचा: एस आणि यू. मी इथे सगळं देवनागरीत देते आहे, म्हणून तीन गोष्टी सांगून ठेवते. च आणि ज 'चहा' आणि 'जीवन' यांतले घ्या, 'चमचा' आणि 'जहाज' यांतले नकोत. तुर्कीत टिंब नसलेला एक 'आय' असतो. त्याचा आवाज आपल्या 'अ'च्या जवळ जातो, म्हणून तो मी अ-कारानेच दाखवला आहे. डोक्यावर दोन टिंबं असलेला 'यू' म्हणजे ओठांचा चंबू करून म्हटलेली 'ई'. देवनागरीत त्याला 'उ'शिवाय गती नाही, तेव्हा खरा उच्चार एखाद्या तुर्की माणसाच्या तोंडून ऐकाच.

'सू'मधला स पातळ ठेवा. त्याचा श झाला की शब्दच बदलतो: 'शू' म्हणजे 'ते, समोर दिसतंय ते'. दुकानातल्या फळीकडे बोट दाखवून 'ते पाणी द्या' म्हणायचं तर तुर्कीत 'शू सू' म्हणावं लागतं. मराठी माणसाने हे आरशासमोर दहा वेळा न हसता म्हणून दाखवावं. 'बू सू' म्हणजे हे पाणी आणि 'ओ सू' म्हणजे ते लांबचं पाणी.

लिंगाची भानगड तुर्कीत नाहीच. विशेषण बदलत नाही: 'सोऊक सू' म्हणजे थंड पाणी, 'सजाक सू' म्हणजे गरम पाणी. तो-ती-तेचा गोंधळ घालून मराठी शिकणाऱ्यांना आपण किती छळतो, ते इथे आल्यावर कळतं.

मग मागून बघा

व्याकरणाच्या आधी तहान भागवा. "बिर सू, लुत्फेन." एक पाणी, कृपया. दोघं असाल तर "इकि सू". संख्येनंतर अनेकवचन होत नाही, म्हणून बाटल्या कितीही घ्या, शब्द 'सू'च राहतो. पेला हवा तर 'बिर बार्दाक सू', बाटली हवी तर 'बिर शिशे सू'. ही रचना थेट आपल्या 'एक पेला पाणी'सारखी आहे, मध्ये 'चा-ची-चे' घुसवायचं नाही. शिशे म्हणजे आपला शिसा, हे ओळखलंच असेल.

आहे-नाहीसाठी दोन शब्द: 'वार' आणि 'योक'. "सू वार", पाणी आहे. "सू योक", पाणी नाही. "सू योक मू?" पाणी नाही का? एवढ्यावर पहिले दोन दिवस निघतात.

नळाच्या पाण्याबद्दल मात्र विचारून घ्या: "बू सू इचिलिर मि?" हे पाणी पितात का? इस्तंबूलमध्ये बऱ्याच घरांत पिण्यासाठी 19 लिटरचा मोठा बुधला मागवतात. त्याला 'दामाजाना' म्हणतात आणि तो आणून देणारा 'सुजू'. हा शब्द पुढे परत येणार आहे.

आणि तहान लागली तर? "सुसादम." सू या नामापासूनच तयार झालेलं हे क्रियापद आहे आणि आपण जसं 'तहान लागली' असं भूतकाळात म्हणतो तसंच तेही म्हणतात. फक्त मधला 'आ' गाळू नका. 'सुस्तुम' म्हटलंत तर अर्थ होतो 'मी गप्प बसले', आणि मग पाणी कुणी आणून देणार नाही.

विभक्ती: इथे थोडं थांबावं लागेल

मराठी येणाऱ्याला तुर्की विभक्तीची भीती वाटायचं कारण नाही. आपणही शब्दाच्या शेपटीलाच प्रत्यय जोडतो. उलट आपल्याकडे काम जास्त आहे: 'पाणी'चं आधी 'पाण्या' करायचं आणि मग त्याला ला, त, चा लावायचा. तुर्कीत 'सू' आहे तसाच राहतो आणि प्रत्यय जोडला जातो. पुढे स्वर आला तर मध्ये फक्त एक 'य' बसतो.

सू: पाणी
सुयू: (ते) पाणी, कर्म म्हणून
सुया: पाण्याला, पाण्यात (जाणं, पडणं)
सुदा: पाण्यात (असणं)
सुदान: पाण्यातून, पाण्यापासून
सुयुन: पाण्याचा
सुय्ला: पाण्याने

'सुयू' आधी घेऊ. "सू इच्तिम" म्हणजे मी पाणी प्यायले. कुठलं, किती, याला महत्त्व नाही. "सुयू इच्तिम" म्हणजे ते पाणी, तू ठेवलेलं, ज्याबद्दल आपण बोलत होतो ते, मी पिऊन टाकलं. ठरावीक वस्तू असेल तरच प्रत्यय लागतो. मराठीत निर्जीव कर्माला आपण सहसा काही लावत नाही, त्यामुळे हे नवं वाटतं. पण 'मुलगी बघायला गेले' आणि 'मुलीला बघायला गेले' यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवला होता का? पहिल्यात मुलगी कोण ते ठरायचंय, दुसरीत ती ठरलेली आहे. तुर्की हाच भेद पाण्यापासून पाटलापर्यंत सगळ्यांना लावते.

आता खरा खड्डा. मराठीत 'मासा पाण्यात आहे' आणि 'फोन पाण्यात पडला' या दोन्ही वाक्यांत 'पाण्यात'च येतं. तुर्कीत हे दोन वेगळे डबे आहेत. मासा मुळात तिथेच असतो, म्हणून "बालक सुदा". फोन बाहेरून आत गेला, म्हणून "तेलेफोन सुया दुश्तु". मी पहिले सहा महिने सरसकट 'सुदा' म्हणत होते आणि ऐकणाऱ्याला वाटत असणार की फोन पाण्यात होताच, तिथल्या तिथे आणखी कुठेतरी पडला. वाक्य बोलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हालचाल आत जाण्याची आहे का? असेल तर 'सुया'.

'सुदान' सोपं आहे: "सुदान चक्तम", मी पाण्यातून बाहेर आले. भीतीसुद्धा याच विभक्तीत येते, 'पाण्याला भिते'ऐवजी 'पाण्यापासून भिते': "सुदान कोर्कुयोरुम".

'सुयुन'बरोबर तुर्कीची एक सवय शिकावी लागते. पाण्याचा रंग म्हणजे 'सुयुन रेंगि'. रेंक म्हणजे आपला रंगच, पण शेवटी तो 'इ' बघा. आपण फक्त 'पाण्याचा' यावर खूण करतो, तुर्की दोन्ही शब्दांवर करते: पाण्याचा, त्याचा रंग. मालकाला एक चिठ्ठी आणि मालाला एक चिठ्ठी. दुसरी विसरलात तर वाक्य लंगडतं.

'सुसू'चा सापळा

आता तो दोन ठिकाणचा नियमभंग. तुलनेला मी 'ओर्दू' हा शब्द घेते. अर्थ सैन्य. लष्करी छावणीच्या याच शब्दावरून उर्दू भाषेला नाव मिळालं, त्यामुळे तो लक्षात राहायला सोपा. शेवटी तोच 'ऊ' आहे, म्हणून तुलना सरळ होते.

सैन्याचा: 'ओर्दुनुन'. म्हणजे स्वरान्त नामाला षष्ठीत मध्ये न लागतो. त्या हिशेबाने पाण्याचा 'सुनुन' व्हायला हवा होता, पण होतो 'सुयुन'.

त्याचं सैन्य: 'ओर्दुसू'. स्वरान्त नामाला 'त्याचा' दाखवताना मध्ये स लागतो. त्या हिशेबाने त्याचं पाणी म्हणजे... हो, 'सुसू'. पण तुर्कीत असं रूपच नाही. बरोबर रूप 'सुयू'.

माझी फजिती इथेच झाली. संत्र्याचा रस म्हणजे तुर्कीत 'संत्र्याचं पाणी': पोर्ताकाल सुयू. मी पुस्तकातला नियम इमानदारीने लावला आणि रसवाल्यापुढे ठणकावून म्हणाले, "बिर पोर्ताकाल सुसू!" तो बिचारा शांतपणे 'सुयू' म्हणाला आणि त्याने पेला भरायला घेतला. भाची मात्र फूटपाथवर बसून हसत होती. त्या दिवसानंतर ही चूक माझ्याकडून कधी झालेली नाही आणि हे वाचल्यावर तुमच्याकडूनही होणार नाही.

हा शब्द असा का वागतो? कारण तो मुळात स्वरान्त नव्हताच. मंगोलियातल्या ओर्खोन खोऱ्यात आठव्या शतकातले तुर्की शिलालेख आहेत. त्यांतला क्युल तिगिनचा लेख 732 सालचा आहे. तिथे पाण्याचा शब्द 'सुब' असा आहे. उझबेकीत आजही 'सुव' म्हणतात. तुर्कीत शेवटचं व्यंजन झिजून गेलं, पण पुढे स्वर आला की त्याच्या रिकाम्या जागी 'य' उभा राहतो. म्हणून युक्ती अशी: पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय असेल तेव्हा शब्द 'सू' नाही, 'सुय' आहे असं समजा आणि व्यंजनान्त नामासारखा चालवा.

सुयुम, माझं पाणी. सुयुन, तुझं पाणी. सुयू, त्याचं किंवा तिचं पाणी. सुयुमुझ, आमचं आणि आपलंही (तो आपला लाडका भेद तुर्कीत नाही). सुयुनुझ, तुमचं.

दोन रूपं दुहेरी अर्थाची आहेत हे लक्षात आलं का? 'सुयुन' म्हणजे 'पाण्याचा' आणि 'तुझं पाणी'. 'सुयू' म्हणजे कर्मातलं 'ते पाणी' आणि 'त्याचं पाणी'. संदर्भाने कळतं. आणि 'त्याचं पाणी प्यायले' म्हणायचं झालं तर दोन्ही प्रत्यय ओळीने येतात, मध्ये न घेऊन: "सुयुनू इच्तिम". 'माझ्याकडे पाणी आहे' याला क्रियापद लागतच नाही: "सुयुम वार". माझं पाणी आहे, बस्स.

पुढे जाण्याआधी ही चार वाक्यं झाकून करून बघा. माझ्याकडे पाणी नाही. तुझं पाणी थंड आहे. त्याच्याकडे पाणी नाही. मासा पाण्यातून बाहेर आला. उत्तरं: सुयुम योक. सुयुन सोऊक. सुयू योक. बालक सुदान चक्त. शेवटच्या वाक्यातला तो टिंब नसलेला आवाज शब्दाच्या टोकाला पुटपुटल्यासारखा येतो, देवनागरीने त्याला न्याय मिळत नाही.

पाणीपुरी आणि लिंबूपाणी

मेनूकार्ड वाचायचं असेल तर हा भाग महत्त्वाचा. मराठीत पाणीपुरी ही पुरी असते आणि लिंबूपाणी हे पाणी. मुख्य शब्द शेवटी. तुर्कीतही तसंच, फक्त शेवटच्या शब्दाला 'त्याचा' हा प्रत्यय लागतो.

पाणी शेवटी असेल तर: एत सुयू म्हणजे मांसाचा रस्सा, ज्यात पुढे सूप करतात. मादेन सुयू म्हणजे खनिज पाणी, बुडबुडे असलेलं. ते थेट कुणी 'साधं पाणी' समजून उघडलं की तोंड बघण्यासारखं होतं. गुल सुयू म्हणजे गुलाबपाणी. शाल्गाम सुयू हे अदाना भागातलं आंबट-खारट, जांभळट लाल पेय. शाल्गाम म्हणजे सलगम, पण त्यात मुख्य माल काळ्या गाजराचा असतो. तुर्शू सुयू म्हणजे लोणच्याचं पाणी. हे पेल्यातून पितात. पहिला घोट घेताना डोळे मिटतात, दुसऱ्याला उघडतात, आणि तिसरा आपणच मागतो.

पाणी आधी असेल तर ते विशेषणाचं काम करतं: सू बोरेइ हा बोरेकचा एक प्रकार, ज्यात पिठाच्या पातळ पोळ्या आधी पाण्यात उकडून मग थर लावून भाजतात. सू शिशेसि म्हणजे पाण्याची बाटली, रिकामीसुद्धा चालेल. मघाशी पाहिलेलं 'बिर शिशे सू' म्हणजे बाटलीभर पाणी. दुकानात या दोघांची अदलाबदल केलीत तर हातात रिकामी बाटली येऊ शकते.

जोडशब्दाला 'माझा' लावताना मात्र प्रत्ययावर प्रत्यय चढवू नका. 'पोर्ताकाल सुयू' मधला 'त्याचा' काढा आणि 'माझा' बसवा: पोर्ताकाल सुयुम. विभक्ती लावायची असेल तर मध्ये न: पोर्ताकाल सुयुन्दा, संत्र्याच्या रसात.

अनेकवचन 'सुलार' होतं आणि त्याला घरगुती अर्थ आहे. नळ कोरडे पडले की तुर्की माणूस एकवचनात बोलत नाही: "सुलार केसिल्दि", पाणी गेलं, शब्दशः 'पाणी कापली गेली'. परत आलं की "सुलार गेल्दि". हे वाक्य सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शोभेल असं आहे. आणखी एक गमतीचा वापर वेळेचा: 'साआत बेश सुलारन्दा' म्हणजे पाचच्या सुमारास. शब्दशः पाचच्या पाण्यांत. कुणी हे म्हणालं तर साडेपाचपर्यंत वाट बघायची तयारी ठेवा.

शेपट्या

नामापासून नवे शब्द करायला चार प्रत्यय पुरेत. 'लू' म्हणजे असलेलं: सुलू, पाणी असलेलं, रसदार. 'सुलू येमेक' म्हणजे रस्सेदार जेवण, खानावळीतलं रोजचं. पण माणसाला सुलू म्हटलं की तो थिल्लर झाला आणि 'सुलू शाका' म्हणजे अक्षरशः आपला पाणचट विनोद. 'सुझ' म्हणजे नसलेलं: सुसुझ, पाण्याविना, तहानलेला. 'जू' म्हणजे त्याचा धंदा करणारा: सुजू, मघाचा बुधलेवाला. 'लुक' म्हणजे त्यासाठीची वस्तू: सुलुक, शाळेत नेतात ती पाण्याची बाटली.

प्रत्येक प्रत्ययात 'उ' का? कारण तुर्की प्रत्ययाचा स्वर मूळ शब्दाच्या शेवटच्या स्वराकडे बघून ठरतो. सूमध्ये ऊ आहे, म्हणून लू, सुझ, जू. दुधासाठी शब्द 'सुत', त्यात दोन टिंबांचा यू, तर प्रत्ययातही तोच: सुतलु, सुतसुझ. सू आणि सुत दोन्ही पाठ केलेत तर पुढचा-मागचा स्वर हा फरक कानाला लागतो. त्यावर लांबलचक तक्ते करत बसू नका.

पाण्याचे वाक्प्रचार

इथे मराठी माणसाला घबाड सापडतं. पाण्यासारखा पैसा खर्च करणं: 'सू गिबि पारा हार्जामाक'. त्या हार्जामाकच्या पोटात आपला खर्चच आहे. तोंडाला पाणी सुटणं: 'आझनन सुयू आक्माक', तोंडाचं पाणी वाहणं. आपली मेहनत पाण्यात जाते, त्यांचे बेत पाण्यात पडतात: "प्लान्लार सुया दुश्तु". सुदा नव्हे, सुया, हे परत सांगते.

आपण हवापाण्याच्या गप्पा मारतो, ते 'हवादान सुदान' बोलतात. हाच 'सुदान' घेऊन पोकळ कारणालाही शब्द आहे: 'सुदान सेबेप' किंवा 'सुदान बहाने'. पाण्यापासून केलेली सबब, पाण्यापासून केलेला बहाणा. दोन्ही शब्द आपल्या घरचे आहेत, अरबी-फारसीतून दोन्हीकडे गेलेले. एखाद्याचा राग असला की आपण त्याला पाण्यात पाहतो. तुर्क त्याहून पुढे जाऊन त्याला चमचाभर पाण्यात बुडवायला निघतात: 'बिर काशक सुदा बोमाक'. इथे मात्र 'सुदा', कारण बुडवण्याचं काम पाण्याच्या आत चालतं.

मला सगळ्यात आवडतो तो 'युझ सुयू'. युझ म्हणजे चेहरा, म्हणजे हे चेहऱ्याचं पाणी. 'युझ सुयू दोक्मेक', चेहऱ्याचं पाणी सांडणं, म्हणजे लाचार होऊन कुणापुढे हात पसरणं. फारसीत पाणी म्हणजे आब आणि चेहरा म्हणजे रू. 'आब-रू'. मराठीत आपण त्याचीच अब्रू केली आणि तुर्कीने शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. आपण अब्रू जाते म्हणतो तेव्हा चेहऱ्यावरचं पाणीच उतरत असतं, हे मला इस्तंबूलमध्ये उमगलं, पुण्यात नाही. नमाजापूर्वी हातपाय धुण्याला तुर्कीत 'आब्देस्त' म्हणतात. तोही फारसीच: आब आणि दस्त, पाणी आणि हात.

वागण्या-बोलण्यात लागणारी तीन वाक्यं पाठच करा. कुणी पाणी आणून दिलं तर वडीलधारी माणसं म्हणतात, "सू गिबि आझिझ ओल": पाण्यासारखा मोलाचा हो. तुम्ही हे म्हटलंत तर समोरचा आजोबा खूश होऊन तुम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही. कुणी प्रवासाला निघालं की मागे तांब्याभर पाणी रस्त्यावर ओततात आणि म्हणतात, "सू गिबि गित, सू गिबि गेल": पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये. तुर्कीत 'गेल' म्हणजे 'ये', हे कळेपर्यंत माझा बराच गोंधळ झाला होता. तिसरी म्हण: "सू कुचुउन, सोझ बुयुउन." पाणी धाकट्याचं, शब्द थोरल्याचा. आधी पाणी लहानांना द्यावं, आधी बोलावं मोठ्यांनी. दोन षष्ठ्या, क्रियापद नाही, आणि घरातली सगळी शिस्त आली.

शेवटी एक कारंजं वाचू

इस्तंबूल हे पाणी वाटून जगलेलं शहर आहे. गजबजलेल्या ताक्सिम चौकाचं नावच त्यावरून पडलं: उत्तरेकडच्या जंगलातून आणलेलं पाणी अठराव्या शतकात, पहिल्या महमूदच्या काळात, तिथे वाटून वेगवेगळ्या वस्त्यांना सोडत. जुन्या मराठी कागदांत वाट्याला तक्षीम म्हणतात, तोच हा शब्द. जागोजागी 'सेबिल' दिसतात, म्हणजे आपल्या पाणपोया. 

तोपकापी राजवाड्याच्या मुख्य दरवाजाबाहेर तिसऱ्या अहमदचं कारंजं आहे, 1728 सालचं. त्याच्या भिंतीवर जुन्या अरबी लिपीत एक ओळ कोरली आहे. लिपी येत नसली तरी ओळ कळण्याइतकं व्याकरण आता तुमच्याकडे आहे:

"आच बेस्मेलेय्ले, इच सुयू, हान आह्मेदे एय्ले दुआ."

'आच' म्हणजे उघड (याच उच्चाराचा दुसरा शब्द 'भुकेला' असाही आहे, तो इथे नको). 'बेस्मेलेय्ले' म्हणजे बिस्मिल्ला म्हणून. शेवटचं 'य्ले' म्हणजे 'सुय्ला'मधलाच प्रत्यय, फक्त ए स्वरामागे गेल्यामुळे ले झालेला. 'इच' म्हणजे पी. 'हान आह्मेदे' यातला शेवटचा 'ए' म्हणजे 'सुया'मधला आ: अहमद खानाला, अहमद खानासाठी. 'एय्ले दुआ', दुआ कर. नळ बिस्मिल्ला म्हणून उघड, पाणी पी, अहमद खानासाठी दुआ माग.

अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरलेला असतो. या ओळीतल्या अक्षरांच्या अशा किमती मिळवल्या की बांधकामाचं हिजरी वर्ष, 1141, निघतं. सांगतात असं की सुलतानाने स्वतः ओळ रचली, पण बेरीज चारने कमी पडत होती, आणि कवी सय्यद वेहबीने सुरुवातीला 'आच' घालून ती पुरी केली. 'आच'मधल्या अलिफचा एक आणि जीमचे (इथला 'च' जीमच धरतात) तीन, मिळून चार.

आता त्यातल्या 'सुयू'कडे बघा आणि सांगा: हा 'ते पाणी' आहे की 'त्याचं पाणी'? 'त्याचं' असतं आणि ते प्यायचं असतं, तर 'इच सुयुनू' लागलं असतं. तेव्हा ते पाणी. समोरच्या नळातलं.